२५ हजारांत ३१ हजारांचे हप्ते: आधी कोणाचे भागवायचे?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. तो आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. त्यांचे यजमान कतारला एसी टेक्निशियन होते, घरी महिन्याला ७०,००० रुपये यायचे. कंपनीने माणसं कमी केली आणि दीड वर्षापूर्वी ते परत आले. आता गावात आणि आसपास एसी-फ्रीज दुरुस्तीची कामं करतात. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला २५,००० पडतात. घरात सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं; घरखर्च कितीही ओढून धरला तरी १६,००० होतो.

देणी अशी. गृहकर्ज साडेनऊ लाख, हप्ता १०,८००, त्यातले दोन हप्ते थकलेले. पतसंस्थेचं वैयक्तिक कर्ज २ लाख ८० हजार, हप्ता ८,९००. जामीनदार एक चुलत दीर आणि दुसरे यजमानांचे मित्र, शाळेत क्लार्क. सोनेतारण १ लाख ९० हजार, मुदत संपून गेलेली. महिला गटातलं फायनान्स कंपनीचं कर्ज ५२,०००, हप्ता २,९००. क्रेडिट कार्ड ६८,०००, किमान भरणा ३,४००. आणि गावातल्याच एकाकडून शेकडा ५ रुपयांनी घेतलेले १ लाख. त्याचं दरमहा ५,००० नुसतं व्याज गेले १४ महिने चाललंय, शिवाय सही केलेले दोन कोरे चेक त्याच्याकडे आहेत. सगळं मिळून १६ लाख ४० हजार, आणि महिन्याची देणी ३१,०००.

एक एजंट म्हणतो, घरावर ७ लाखांचं कर्ज काढा आणि बाकी सगळं मिटवून टाका. सासूबाई म्हणतात, आंब्याची अठरा कलमं आहेत ती विकून मोकळे व्हा. ताई विचारतात, यातलं काय करू?

माझं मत, आत्ता दोन्ही नको. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात सहकारी बँकेच्या कर्ज आणि वसुली विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर अशाच घरांचे हिशेब बघतो. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एजंटाचा हिशेब तपासू. ७ लाख, ११ टक्के, १० वर्षं धरली तर हप्ता सुमारे ९,६५० येतो. त्यात गृहकर्जाचे १०,८०० मिळवा, झाले २०,४५०. तुमच्या हातात घरखर्च जाऊन उरतात ९,०००. म्हणजे हिशेब तेव्हाही जुळत नाही. आणि मधल्या मध्ये एक वाईट गोष्ट होते: कार्डाचं आणि गटाचं कर्ज विनातारण आहे, त्यासाठी कोर्टातून हुकूमनामा मिळवल्याशिवाय कोणी तुमच्या घराला हात लावू शकत नाही. ते एकदा घरावर चढवलं की घरच पणाला लागलं. एजंटाला त्याचं कमिशन एकदाच मिळून जातं, पुढचे १२० हप्ते तुमचे असतात.

आता खरी अडचण कुठे आहे ते बघू. १६ लाखांचा आकडा बघून माणसाची छाती दडपते, पण आज तुम्हाला १६ लाख द्यायचे नाहीत. प्रश्न एवढाच आहे की हातात असलेले ९,००० आधी कोणाला द्यायचे. बहुतेक घरांत ते जो जास्त ओरडतो त्याला जातात. कार्डवाल्याचा दिवसातून दहादा फोन येतो, म्हणून त्याला ३,४०० जातात; गृहकर्जाची बँक महिन्याला एक मेसेज पाठवते, म्हणून तिचं राहून जातं. ताईंच्या घरी नेमकं हेच झालंय. मी उलट विचारतो: हा सावकार चिडला तर माझं काय नेऊ शकतो? त्या क्रमाने पैसे द्यायचे.

पहिलं घर. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक होतं. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देते आणि ती मुदत संपली की ताबा घ्यायच्या मागे लागू शकते. नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायला हवं, पण तिथवर जाऊच नका. तुमचे दोन हप्ते थकलेत, म्हणजे हातात एक महिनासुद्धा नीट उरलेला नाही. याच आठवड्यात शाखेत जा. तोंडी बोलून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

अर्ज कसा असावा? आमच्या टेबलावर येणारे बहुतेक अर्ज ‘परिस्थिती हलाखीची आहे तरी कृपा व्हावी’ असे असायचे, आणि त्यावर करण्यासारखं काही नसायचं. शाखाधिकाऱ्याला वरच्या ऑफिसला पाठवायला कागद लागतो. म्हणून सरळ लिहा: ‘माझे परदेशातील उत्पन्न अमुक तारखेपासून बंद झाले. सध्याचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३ लाख आहे. कर्जाची मुदत वाढवून हप्ता ८,५५० च्या आसपास करून मिळाल्यास मी तो नियमित भरू शकतो. थकीत हप्त्यांपैकी इतकी रक्कम आज भरत आहे.’ सोबत कंपनीचं नोकरी संपल्याचं पत्र, पासपोर्टवरचा शिक्का, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. ८,५५० हा आकडा मी ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरून काढलाय. यजमानांचं वय आणि बँकेचं धोरण यावर २० वर्षं मिळतील की १५, ते ठरेल. मंजूर होईलच असंही नाही. पण खातं एनपीए होण्याआधी आलेला अर्ज आणि नंतर आलेला अर्ज यांना बँकेत फार वेगळी वागणूक मिळते. मुदत वाढली की एकूण व्याज वाढतं, हेही खरं. पुढे हात सैल झाला की जादा भरता येईल. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही.

दुसरं, शेकडा पाच. वर्षाला ६० टक्के. हे जितके दिवस चालेल तितके दिवस बाकी कुठलंही नियोजन चालणार नाही. इथे कायदा माहीत असलेला बरा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं गुन्हा आहे, आणि विनापरवाना सावकाराला वसुलीसाठी न्यायालय हुकूमनामा देत नाही. परवाना असलेल्यालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. आता गणित करा. १ लाखावर १८ टक्क्यांनी १४ महिन्यांचं व्याज २१,००० होतं. तुम्ही ७०,००० दिलेत. म्हणजे ४९,००० जास्तीचे गेले, आणि ते मुद्दलात वळते केले तर उरतात ५१,०००.

हा आकडा घेऊन बोलायला बसा. एकट्या जाऊ नका. गावात ज्याचा शब्द दोघेही मानतात असा कोणी सोबत असू दे. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते हे त्याला माहीत असतंच, तुम्हालाही माहीत आहे एवढं कळलं तरी पुरे. ५१ वर तुटलं तर उत्तम, ६०-७० वर तुटलं तरी मी म्हणेन द्या आणि सुटा. मात्र पैसे बँकेतून द्या आणि त्याच बैठकीत दोन्ही चेक हातात घ्या. सही केलेला कोरा चेक दिला असला तरी तो देण्यापोटीच दिला असं न्यायालय धरून चालतं, उलट सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं. चेक वटला नाही तर चेकच्या कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. एक फरक ध्यानात ठेवा: तो माणूस धंदा म्हणून व्याजबट्टा करत नसेल, अडीअडचणीला एकदाच दिले असतील, तर सावकारीचा कायदा त्याला लावणं अवघड आहे. पण गावात शेकडा पाचने देणारा एकाच घराला देत नाही, हे तुम्हीही जाणता.

हे पैसे आणायचे कुठून? सोन्यातून. तुम्ही किती ग्रॅम ठेवलंय ते लिहिलेलं नाही. पण बँक सोन्याच्या किमतीच्या काही टक्केच कर्ज देते, आणि तुम्ही ठेवल्यापासून भाव चांगलाच चढलाय. त्यामुळे तारण सोन्याची आजची किंमत १ लाख ९० हजारांपेक्षा बरीच जास्त असणार. मुदत संपली आहे, म्हणजे लिलावाची नोटीस कधीही येईल. लिलावात वरची रक्कम तुम्हाला परत मिळते, पण तिथे येणारा भाव आणि तुम्ही स्वतः सराफाकडे उभं राहून घेतलेला भाव यात फरक पडतो. म्हणून आपणच विकावं. बँकेला विचारा, काही रक्कम भरून एखादा दागिना आधी सोडवता येईल का? तो विका, त्या पैशांनी पुढचा सोडवा. तारणाच्या पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ वजन दोन्ही लिहिलेलं असतं, सराफाकडे ते समोर जुळवून घ्या आणि पक्कं बिल मागा. ‘सोनं सोडवून जागेवर रोख देतो’ म्हणणाऱ्यांना आधी तीन सराफांचे भाव विचारून मगच उभं करा.

बायकांना हे किती जड जातं ते मी पाहिलंय. बांगड्या, पाटल्या, माहेरचा हार आधी. मंगळसूत्र ठेवलं असेल तर ते शेवटपर्यंत सोडवूनच आणायचं. पण सोनं वाचवण्यासाठी शेकडा पाचचं व्याज भरत राहणं म्हणजे तेच सोनं दर महिन्याला थोडं थोडं झिजवून त्या माणसाला देणं आहे.

तिसरी पतसंस्था. इथे धोका तुमच्यापेक्षा जामीनदारांना जास्त. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, आणि मग वसुली अधिकारी कर्जदार आणि जामीनदार दोघांच्या मागे लागतो. क्लार्क असलेल्या मित्राचा पगार महिन्याला मिळतो आणि तो कापणं सगळ्यात सोपं, म्हणून पहिला घाव त्याच्यावर. नोटीस त्यांच्या घरी जाण्याआधी यजमानांनी स्वतः दोन्ही जामीनदारांकडे जावं, किती थकलंय आणि काय करणार आहोत ते सांगावं. हे न केल्यामुळे भावकीत दहा-दहा वर्षं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. दाखला निघाला की त्याविरुद्ध फेरतपासणी मागायलाच निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे जे काय करायचं ते दाखल्याआधी.

पतसंस्थेची एक बाजू चांगली असते, ती माणसं ओळखीची असतात. संचालक मंडळाची बैठक होते त्याच्या आठवडाभर आधी अर्ज सचिवांकडे पोचला पाहिजे, नाहीतर विषय पुढच्या महिन्यावर जातो. मागायचं काय, तर दरमहा ३,००० आणि मेअखेर एकरकमी मोठा भरणा. जानेवारी ते मार्च या काळात सगळ्या संस्था मार्चअखेरच्या थकबाकीच्या आकड्याने हैराण असतात. हातात थोडी रक्कम घेऊन बोलायचं तर हीच वेळ.

गटाचा हप्ता २,९०० चालू ठेवा. रक्कम लहान आहे, पण तो बुडाला की शेजारणींवर बोजा येतो आणि गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. बैठकीला जात राहा. वसुलीवाले ठरलेल्या जागी यायला हवेत. तिथे तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच ते घरी येऊ शकतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि तोच माणूस ‘जुनं मिटवून नवं मोठं देतो’ म्हणाला तर हात जोडा.

कार्ड सगळ्यात शेवटी. त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि किमान भरणा भरून मुद्दल जवळपास हलत नाही, म्हणजे ते ३,४०० पाण्यात जातात. ते थांबवा. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होईल, ते आधीच झालंय. फोन येतील. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, नातेवाइकांना धमकावता येत नाही. तसं झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. (पतसंस्था या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक.) कार्ड ज्या बँकेचं आहे तिथेच तुमचं बचत खातं असेल तर यजमानांची कमाई दुसऱ्या बँकेत जमा होऊ दे, नाहीतर बँक थकबाकीपोटी परस्पर वळती करते. पुढे कधी एकरकमी तडजोड कराल तेव्हा पत्र आधी, पैसे नंतर. आणि तडजोड केल्यावर सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो हे माहीत असू दे.

आता आकडे पुन्हा मांडू. गृहकर्ज ८,५५०, गट २,९००, पतसंस्था ३,०००, झाले १४,४५०. हातात ९,०००. अजून साडेपाच हजार कमी पडतात, वर्षाचे ६५,००० च्या आसपास. ही खिंड कर्जाने भरायची नाही. ती कमाईने भरायची, आणि कोकणात कमाई म्हटली की हंगाम आला.

तुमचं उत्पन्न एप्रिल-मेमध्ये महिना ४५,००० आणि जून ते सप्टेंबर १२,००० असं तुम्ही लिहिलंय. मेमध्ये हात मोकळा होतो, मुलांची वह्या-पुस्तकं, घराची शाकारणी, एखादं लग्न, आणि पुढे गौरी-गणपतीला पुन्हा उसनवारी. दोन महिन्यांच्या ९०,००० मधून घरखर्च ३२,०००, गृहकर्ज १७,१०० आणि गट ५,८०० वजा केले तर ३५,१०० उरतात. पावसाच्या चार महिन्यांचे गृहकर्जाचे हप्ते होतात ३४,२००. ते मेअखेरीलाच, जिथून हप्ता कापला जातो त्या खात्यात टाकून ठेवा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड सासूबाईंकडे द्या. गणपती पाच दिवसांचा असेल तर पाच दिवसांचाच राहू दे, फक्त त्यासाठी व्याजाने एक रुपया काढायचा नाही.

मग पतसंस्थेचा मेमधला भरणा कुठून? दोन वाटा दिसतात. एक, यजमानांनी फेब्रुवारीतच देवगड, कुणकेश्वर, मालवण, तारकर्लीकडचे लॉज आणि होमस्टे धरून वर्षाचे देखभालीचे करार करावेत. हंगामाआधी सगळे एसी साफ, वर्षभर ठरलेल्या फेऱ्या, निम्मे पैसे आगाऊ. पर्यटक खोलीत असताना एसी बंद पडणं मालकाला परवडत नाही, म्हणून भरवशाचा माणूस मिळाला तर तो आगाऊ देतो. दुरुस्तीच्या फोनची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं.

दुसरी वाट कलमं, पण विकून नव्हे. सातबारा सामाईक आहे, मुंबईचे दीर आणि चुलत घराणं त्यात हिस्सेदार. वाटप न झालेला हिस्सा घाईत विकायला काढला तर भाव पडूनच मिळतो, आणि शेतजमीन घेणारा शेतकरीच लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक आणखी कमी. त्यातून एजंटाचा बयाणा घेऊन बसलात तर भावकीचा दावा वेगळाच. त्याऐवजी कलमं दोन-तीन वर्षांच्या कराराने द्या. आता मोहोर आलेला आहे, करारवाले फिरतच असतात. हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, रक्कम एकदम घ्या, आणि करारात कल्टारची (जास्त मोहोर-फळ यावं म्हणून झाडाला घालायचं औषध) मात्रा लिहून घ्या. करारवाल्याला तीन वर्षांपुरतं झाड हवं असतं, तो बेसुमार कल्टार घालून फळ ओढतो आणि नंतर कलम दमतं. अठरा कलमांचे किती येतील हे झाडांचं वय, मोहोर आणि रस्त्यापासूनचं अंतर यावर आहे, इथे बसून आकडा सांगणार नाही.

मुंबईच्या दिरांकडे रोख मदत मागू नका असं मी सांगेन. मोठी रक्कम मागितली की नकार सोपा होतो. त्यापेक्षा ‘मोठ्याची दहावीची फी आणि क्लास तुम्ही थेट भराल का’ असं विचारा.

आणखी एक विचारायचं राहिलं. यजमानांना कतारच्या कंपनीने शेवटचा हिशेब पूर्ण दिला का? तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे किमान एक वर्ष काम केलेल्याला दर वर्षामागे निदान ३ आठवड्यांचा मूळ पगार सेवासमाप्तीचा मिळतो. बरीच माणसं घाईत सही करून विमानात बसतात. राहिलं असेल तर भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका. उशीर झालाय, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

तुम्ही शेवटी लिहिलंय की यजमान बोलेनासे झालेत, रात्री पडवीत एकटेच बसतात. नुसतं कर्ज न फेडता येणं हा गुन्हा नाही, तेवढ्यासाठी कोणी तुरुंगात टाकत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा (न वटलेल्या चेकची गोष्ट वेगळी, म्हणून ते दोन चेक आधी परत घ्या). बँकेत जाताना त्यांच्या सोबत जा. ते काही वेडंवाकडं बोलत असतील तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दोघांनी मिळून फोन करा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आणि तुम्ही महिला आहात, म्हणून उत्पन्न कितीही असलं तरी तुम्हाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. देवगडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. सावकाराचं प्रकरण बोलून मिटलं नाही तर तिथूनच सुरुवात करा.

पुढे लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: तारणाच्या पावतीवरचं निव्वळ वजन, गृहकर्ज एकट्या यजमानांच्या नावावर आहे की तुमची सही सहकर्जदार म्हणून आहे, आणि पतसंस्थेची शेवटची नोटीस कलम १०१ ची आहे की साधी मागणीची. तिसऱ्या उत्तरावर पतसंस्थेबद्दलचा माझा सल्ला बदलू शकतो.